नाकाचा रकाना

“यंत्र चुकेल, पण हे नाक चुकणार नाही!” असं नाकोबा रोज सकाळी दाढी करताना आरशाला बजावत असत. आरसा कधी उलट बोलला नाही, त्यामुळे त्यांचा समज पक्का होत गेला.

नाकोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं आणि तिथंच पडून होतं. गॅस कंपनीत शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना नाकोबाच म्हणत. घरोघरी पाइपातून जो गॅस येतो ना, त्याला मुळात वास नसतो. गळती झाली तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळतात. तो वास हुडकत इमारती पालथ्या घालायच्या, ही नाकोबांची नोकरी. बावीस वर्षं ती त्यांनी नाक वर करून केली!

कामाची त्यांची एक खास रीत होती. दार उघडलं की ते कधी मोठ्यानं “गॅस गळतोय का?” असं विचारत नसत. एकदा विचारलं होतं, तर घरातले आजोबा अंघोळीचा टॉवेल गुंडाळूनच जिना उतरून रस्त्यावर गेले होते. तेव्हापासून नाकोबा घरातल्या माणसाच्या अगदी जवळ जात, त्याच्या तोंडाशी तोंड नेत आणि गुपित सांगावं तसं हळूच विचारत, “काही वास येतोय का?” घरचा माणूस दोनदा हुंगे, मग उत्तर देई. त्यानंतर नाकोबा आपलं नाक आत घालत.

अशा या नाकाच्या मुळावर एक यंत्र आलं. हातात मावेल एवढं, पिवळं, वर एक दिवा आणि आकडे. ते घेऊन आल्या होत्या एक तरुण इंजिनिअर मॅडम.

“काका, माझा तुमच्यावर राग नाही हं,” मॅडम म्हणाल्या. “मला तर लहानपणापासून वासच कळत नाही. दूध करपलं तरी शेजारीण येऊन सांगते. म्हणून तर मी यंत्राच्या मागे लागले.”

“अरेरे!” नाकोबा म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“पण वरच्यांचं म्हणणं असं, की यंत्राला सर्दी होत नाही आणि रजा लागत नाही. म्हणून सोमवारी एका इमारतीच्या वार्षिक तपासणीला आपण दोघं जायचं. हा फॉर्म बघा. एक रकाना यंत्राचा, एक रकाना नाकाचा. दोन्ही निष्कर्ष जुळले आणि खरे निघाले, तर तुम्ही फिरतीवर कायम. नाक चुकलं, तर…”

“तर?”

“तर तक्रारींच्या फोनचं टेबल.”

ते टेबल नाकोबांनी पाहिलं होतं. खिडकीपासून लांब, पंख्यापासून त्याहून लांब, आणि त्याच्या मागे बसलेला माणूस आठवड्याभरात भिंतीच्या रंगाचा होतो. बावीस वर्षं जिने चढलेल्या माणसानं तिथं बसायचं? छे छे!

घरी येऊन त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. बायकोनं ते तिच्या बहिणीला सांगितलं. बहिणीनं नवऱ्याला सांगितलं, आणि इथूनच सत्यानाश सुरू झाला. कारण बहिणीचा नवरा म्हणजे नाकोबांचे साडू! साडूंचं दुकान चष्म्यांचं, पण ज्ञान सगळं पोटाचं. अर्ध्या तासात त्यांच्याकडून मोबाईलवर यादी आली, ‘कच्च्या लसणाचे बावीस फायदे’.

बायको मोठ्यानं वाचायला लागली. “एक, रक्तदाब उतरतो. दोन, कोलेस्टेरॉल कमी होतं. तीन, सांधे मोकळे होतात. चार, केस…”

“केसांचं राहू दे. पुढं?”

“स्मरणशक्ती, भूक, झोप, कातडी… अहो, यात वाईट स्वप्नंसुद्धा बंद होतात असं लिहिलंय!”

“पुढं गं!”

“सतरा. छाती आणि नाक मोकळं होतं, घ्राणेंद्रिय तल्लख होतं.”

नाकोबा खुर्चीवरून उठलेच. “परत वाच!”

तिनं परत वाचलं. नाकोबांनी साडूंना आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात नमस्कार केला.

“रोज सकाळी उपाशीपोटी दोन पाकळ्या, असं म्हणतायत भाऊजी,” बायको म्हणाली.

“दोन पाकळ्या साध्या नाकाला गं! हे नाक साधं आहे का?”

शुक्रवारी त्यांनी पाच पाकळ्या खाल्ल्या, शनिवारी अर्धा गड्डा आणि रविवारी अख्खा. डोळ्यांतून पाणी, कानशिलं लाल, पण माणूस मागे हटला नाही. साडूंनी यादीच्या तळाला एक सूचनाही दिली होती : ‘घरातल्या सर्वांनी खावा, म्हणजे कुणाचा कुणाला त्रास होत नाही.’ म्हणून बायकोही खात होती. दोघं एकमेकांशेजारी बसून खुशाल टीव्ही बघत होते, आणि त्यांच्या खिडकीत रोज येऊन बसणारी मांजर तेवढी दिसेनाशी झाली होती.

सोमवारी सकाळी नाकोबांनी आणखी एक गड्डा संपवला. शिवाय सहा सोललेल्या पाकळ्या कागदात बांधून शर्टाच्या खिशात टाकल्या, तासाला एक चघळायला. कंपनीच्या गाडीत ते मागे बसले, मॅडम पुढे. पाच मिनिटांत ड्रायव्हरनं चारही काचा खाली केल्या. दहा मिनिटांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चाकांखाली बघून आला, इंजिन उघडून बघितलं, आणि परत बसला.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही. क्लच जळतोय असं वाटलं,” ड्रायव्हर म्हणाला. उरलेला रस्ता त्यानं डोकं खिडकीबाहेर काढून गाडी चालवली.

इमारत चार मजली होती, प्रत्येक मजल्यावर चार घरं. तळमजल्यावरच्या पहिल्या दारात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. गळ्यात टेप, दातांत दोन टाचण्या. नाकोबा रीतीप्रमाणे जवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, “काही वास येतोय का?”

बाईंच्या दातांतल्या टाचण्या खाली पडल्या.

“अगं बाई! येतोय की! केवढा येतोय!”

नाकोबा सावध झाले. पहिल्याच घरात गळती! ते स्वयंपाकघरात शिरले. शेगडीशी वाकले, पाइपावरून नाक फिरवलं, मीटरपाशी उकिडवे बसले. काहीच नाही! मॅडमनी यंत्र फिरवलं. शून्य.

“काही नाही काका,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला?”

“बघू. एवढी घाई नको,” नाकोबा म्हणाले.

दुसऱ्या दारात एक बेकरीवाले. पहाटेची भट्टी आटोपून नुकतेच आडवे झाले होते, डोळे अर्धे मिटलेले. नाकोबांनी त्यांच्या तोंडाशी जाऊन विचारलं आणि बेकरीवाल्यांचे दोन्ही डोळे टक्क उघडले.

“आला! आत्ताच आला! बापरे, आता पूर्ण जाग आली मला!”

आत काही नाही. यंत्र शून्य.

तिसरं दार. “हो हो, येतोय!” चौथं दार. “आई गं! कधीपासून आहे हो हा?” पाचव्या घरातल्या माणसानं नाकाला रुमाल लावत मोठी मुद्द्याची गोष्ट सांगितली. “दार बंद असताना नव्हता. दार उघडलं आणि आला. म्हणजे जिन्यातून येतोय!”

नाकोबा जिन्यात उभे राहिले. लांब श्वास घेतला. आणखी लांब घेतला. एवढा लांब, की मॅडमनी त्यांना धरायला हात पुढे केला. पण वास म्हणून काही नाही!

आणि मग त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली, हो! पाच घरांतली माणसं शपथेवर सांगतायत, की वास येतोय. शिवणकामवाल्या बाईंना येतोय, झोपेतल्या बेकरीवाल्यांना येतोय. आणि या नाकाला येत नाही? म्हणजे नाक गेलं! बावीस वर्षांची कमाई ऐन परीक्षेच्या दिवशी गेली!

“मॅडम, मी जरा हात धुऊन येतो,” असं म्हणून ते पाचव्या घराच्या बाथरूममध्ये शिरले आणि दाराला कडी लावली. साबण हुंगला. गुलाबाचा वास आला. टूथपेस्ट हुंगली, तिचाही आला. घाबरत घाबरत आपला उजवा बूट काढून हुंगला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हणजे नाक जिवंत होतं! फक्त गॅसचा वास तेवढा मेला होता. नेमका पोटापाण्याचा वास!

बाहेर येताना त्यांनी धीरासाठी खिशातली एक पाकळी तोंडात टाकली.

“काका, मग काय लिहायचं?” मॅडम फॉर्म घेऊन उभ्या होत्या. “माझ्या यंत्राला तर काहीच सापडत नाही.”

आता नाकोबांनी काय करावं? ‘मला वास येत नाही’ म्हणावं, तर फोनचं टेबल. जिभेच्या टोकावर खरं आलं होतं, पण भिंतीच्या रंगाचा तो माणूस डोळ्यांपुढे आला आणि खरं परत घशात गेलं.

“येतोय, मॅडम!” ते ओरडले. “भयंकर येतोय! मला तर खालीच आला होता, मी लोकांना घाबरवायला नको म्हणून गप्प होतो!”

“पण यंत्र…”

“यंत्र नवीन आहे. लाजत असेल!”

आणि त्यांनी मॅडमच्या हातातून फॉर्म घेतला. नाकाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गळती आहे. तीव्र.’ तेवढ्यानं समाधान होईना म्हणून ‘तीव्र’खाली तीन रेघा मारल्या आणि सही ठोकली.

एकदा सही झाल्यावर मागे फिरणं नव्हतंच. नाकोबांनी इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. सेक्रेटरींना बोलावून धोक्याची घंटा वाजवायला लावली. सोळा घरांतली माणसं जिन्यावरून लोटली. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या काखेत इस्त्री न झालेले कपडे, शिवणकामवाल्या बाईंच्या हातात एका गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला कोट! बेकरीवाले उशी घेऊन आले. अग्निशमन दलाला फोन गेला.

अंगणात सगळे जमले. मॅडमनी तिथंही यंत्र फिरवलं आणि पुन्हा शून्य पाहून त्या यंत्रालाच चापट्या मारू लागल्या. नाकोबांना आपल्या थापेची लाज वाटत होती, पण लोक घाबरलेत म्हटल्यावर धीर देणं कर्तव्यच होतं. ते एकेकाजवळ जाऊन, वाकून, हळूच म्हणू लागले, “घाबरू नका. मी आहे.”

“अरे देवा, इथंही येतोय!” पहिला माणूस ओरडला.

“इथंही!” दुसरी बाई किंचाळली.

“अंगणातही पसरला!” सेक्रेटरींचं धाबं दणाणलं. “चला, चला, सगळे रस्त्यापलीकडे!”

सगळे रस्त्यापलीकडे गेले. नाकोबा मोजदाद करायला मागोमाग गेले. कुणी राहिलं तर नाही ना, हे बघायला नको का? एकेकापाशी जाऊन विचारलं, “तुमच्या घरातले सगळे उतरले?”

“इथंही आला!!”

गर्दी चपलांच्या दुकानापर्यंत सरकली. नाकोबा तिथं पोचले. गर्दी टपालपेटीपर्यंत सरकली. नाकोबा टपालपेटीपाशी. चपलांच्या दुकानदारानं शटर ओढलं आणि तोही गर्दीत सामील झाला. लोक मागे मागे, नाकोबा त्यांच्या पुढ्यात, आणि सगळ्यांच्या मागून मॅडम यंत्राची बॅटरी बदलत धावतायत, अशी ती वरात गल्लीच्या टोकापर्यंत आली!

तेवढ्यात घंटा घणघणत अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांचे प्रमुख उतरले. धिप्पाड गडी, मिशा अशा की बघूनच आग विझावी. “परिस्थिती काय आहे?” त्यांनी दरडावून विचारलं.

लोकांसमोर मोठ्यानं कसं सांगणार? नाकोबा टाचा उंचावून त्यांच्या कानाशी गेले. “गळती आहे, साहेब. तीव्र.”

प्रमुख दोन पावलं मागे गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं धूर खाल्लेला माणूस, पण त्यालाही खोकला आवरेना.

“इथपर्यंत पोचलाय!” ते गरजले. “दोन्ही बाजूंचे रस्ते बंद करा! पुढच्या गल्लीतल्या इमारतीही रिकाम्या करा!”

नाकोबांच्या तोंडचं पाणी पळालं. एका रकान्यासाठी अख्खा मोहल्ला रस्त्यावर येणार! ‘साहेब, मी थाप मारली,’ असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तसे प्रमुख आणखी दोन पावलं मागे गेले.

“थांबा!”

आवाज बारीक होता, पण असा करडा, की अग्निशमनवाल्यांच्या हातातला पाइपसुद्धा जागच्या जागी थांबला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई गर्दीतून पुढे आल्या. हातात छत्री, नाकावर चष्मा.

“मी मघापासून बघतेय,” बाई म्हणाल्या. “वास अंगणात आला, तेव्हा हे गृहस्थ अंगणात होते. दुकानापाशी आला, तेव्हा हे दुकानापाशी होते. टपालपेटीपाशी वास नव्हता, हे पोचले आणि आला. अहो, हा वास यांच्या मागे मागे फिरतोय.” त्यांनी छत्रीचं टोक नाकोबांवर रोखलं. “तुम्ही. इकडे या.”

नाकोबा गेले. त्या आवाजापुढे कोण जाणार नाही?

“हात मागे. आ करा.”

“बाई, मी कंपनीचा…”

“आ करा म्हणते ना!”

नाकोबांनी आ केला. बाईंनी पुढे वाकून एकदाच हुंगलं, मग सरळ झाल्या, छत्रीचा आधार घेतला आणि दोन क्षण डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“लसूण,” त्या म्हणाल्या. “कच्चा. आणि थोडाथोडका नव्हे. खिशात काय आहे?”

खिशातून कागद निघाला, कागदातून पाच पाकळ्या. गर्दीत असा सन्नाटा पसरला, की पलीकडच्या टपालपेटीवर बसलेला कावळा ऐकू आला. मग बेकरीवाले हसले. मग शिवणकामवाल्या बाई. मग सगळी गल्लीच फुटली! लहान पोरं नाकोबांभोवती नाक धरून फेर धरायला लागली. अग्निशमनचे प्रमुख तेवढे हसले नाहीत. त्यांनी मिशांना पीळ दिला, “गाडी फिरवा,” म्हणाले, आणि गाडीत बसताना चौकशी केली, “का खाता हो एवढा?”

“नाक तल्लख व्हावं म्हणून,” नाकोबा पुटपुटले.

यावर प्रमुखही हसले.

लोक आपापल्या घरी परतले. बेकरीवाले उशीसकट जिना चढले. व्हॉल्व्ह उघडला, मॅडमनी उरलेल्या अकरा घरांतही यंत्र फिरवलं, सगळीकडे शून्य. शेगड्या पेटल्या. नाकोबा इमारतीच्या पायरीवर एकटेच बसले होते. मॅडम येऊन शेजारी बसल्या. त्यांना वास कळत नव्हता, म्हणूनच त्या बसू शकल्या. गुडघ्यावर फॉर्म होता.

“काका, रागवत नाही, पण खरं सांगा. तुम्हाला एकदा तरी गॅसचा वास आला होता का?”

नाकोबांनी मान खाली घातली. “नाही.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही, मॅडम. साबणाचा आला, बुटाचा आला. गॅसचा नाही. मला वाटलं, नाक गेलं माझं. म्हणून भ्यालो आणि थाप मारली.”

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “म्हणजे पाचही घरांत तुमच्या नाकाला गळती सापडली नाही.”

“नाही सापडली. काय करू!”

“अहो काका, पण गळती नव्हतीच ना!”

नाकोबांनी मान वर केली.

“तुमचं नाक बरोबर होतं!” मॅडमना राहवेना. “यंत्राइतकंच बरोबर! सगळी इमारत ‘येतोय, येतोय’ म्हणत होती, तोंडात एवढा लसूण होता, तरी ते नाक फसलं नाही! तुम्ही नुसतं ‘काही नाही’ एवढे दोन शब्द लिहिले असतेत, तर जिंकला होतात!”

नाकोबांना काय वाटलं असेल, विचारू नका. बावीस वर्षं ज्या नाकाच्या बढाया मारल्या, त्या नाकानं खरोखरीची कमाल केली त्याच दिवशी त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता! त्यांना रडूच कोसळलं असतं, पण पायरीवर येणारे जाणारे बघत होते. त्यांनी हळूच फॉर्मकडे बोट नेलं.

“मॅडम… जरा खाडाखोड चालेल का?”

मॅडमनी फॉर्म त्यांच्यासमोर धरला. मॅडमचाच चेहरा खरंच पडला होता.

“तीन रेघा मारल्यात, काका. आणि खाली सही.”

तर मंडळी, नाकोबा हल्ली तक्रारींच्या फोनच्या टेबलाशी असतात. लसूण सोडलाय, साडूंशी बोलणंही सोडलंय. पण सवय कशी जाणार? फोन वाजला की ते रिसीव्हर तोंडाशी घेतात, थोडे वाकतात आणि हळूच विचारतात, “काही वास येतोय का?”

“नाही हो,” पलीकडून आवाज येतो. “मी बिलाची तारीख विचारायला फोन केलाय.”

“नक्की येत नाही ना?”

“अहो, नाही येत!”

एवढं ऐकलं, की नाकोबांचा तो दिवस चांगला जातो.